मायावती उजळ होती

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी मास्तर म्हणाले, आज मायावती मंदावणार. काकू अंगणात गेल्या. त्यांनी वर पाहिलं. परत येऊन त्या म्हणाल्या, "न्हाई मंदावली." त्या दिवसापासून त्या घरात सगळं बदललं.

मायावती हा तारा आहे. ययाती नावाच्या तारकासमूहात तो असतो आणि हिवाळ्यात आमच्याकडे दिवेलागणीनंतर डोक्यावर येतो. मास्तर माझे घरमालक होते आणि काकू त्यांची पत्नी. मी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या रामनगरच्या शाळेत मराठी शिकवते. नोकरी लागली तेव्हा गावापासून जरा आत, जोयड्याच्या रस्त्याला असलेल्या त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या मी घेतल्या आणि अजून त्याच खोल्यांत राहते आहे. मास्तरांना जाऊन एक पावसाळा उलटला. त्यांच्याविषयी लिहायचं ठरवून बरेच दिवस झाले. लिहायला बसले की त्यांचा आवाज आधी येतो, आणि मग माझी वाक्यं फार सजवलेली वाटतात. त्यांना सजावट आवडत नसे.

खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी माझं नाव, गाव, पगार, यातलं काहीच विचारलं नाही. पडवीत दोन मांजरं झोपली होती. त्यांच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "सांगा बघू टीचर, थोरलं कुठलं?"

मी म्हटलं, "ते मोठं, पिवळं."

"असंच म्हणतात सगळे," ते म्हणाले आणि आत निघून गेले. काकू बाहेर आल्या. "खोली दिली म्हणायची ती तुला," त्या म्हणाल्या. "न्हाई म्हणायचं असतं तर चहा ठेवा म्हणाले असते. चहा पाजून पाठवतात लोकांना."

'थोरला कोण' हा त्यांचा प्रश्न साऱ्या गावाला माहीत होता. जुळी पोरं दिसली, बैलांची जोडी दिसली, गोव्याच्या रस्त्याला एकामागे एक उभे असलेले दोन ट्रक दिसले, तरी ते तोच विचारत. विज्ञानाचे शिक्षक म्हणून ते निवृत्त झाले तरी प्रश्न निवृत्त झाला नव्हता. त्यांचे जुने विद्यार्थी आता बाजारात दुकानं चालवतात. ते मास्तरांना लांबून बघूनच ओरडत, "मास्तर, धाकटा मी!" आणि मास्तर हात वर करत.

दुसरी गोष्ट दाढीची. मायावतीचं तेज दर तीन दिवसांच्या थोडं आत एकदा उतरतं, काही तास मंद राहतं आणि पुन्हा पहिल्यासारखं होतं. ज्या दिवशी ती मंदावे त्या दिवशी मास्तर दाढी करत. इतर दिवशी नाही. शाळेची तपासणी असो, घरात कार्य असो, दाढी ताऱ्याप्रमाणे. आमच्याकडचा पावसाळा चार-चार महिने आभाळ झाकून ठेवतो, तेव्हाही ते हिशोबाने करत. हिशोब तोंडी असे. कागदावर मांडणं त्यांना कमीपणाचं वाटे. मागच्या वेळेत तेवढेच दिवस, तास आणि मिनिटं मिळवायची आणि पुढची वेळ मनात धरून ठेवायची, असं ते तरुणपणापासून करत आले होते. बसस्टँडजवळचा न्हावी म्हणे, "मास्तरांच्या गालावर पंचांग छापलेलं हाय. मला मात्र त्यातलं एक गिऱ्हाईक मिळत न्हाई."

काकूंना लोक चिडवत, मास्तरांनी दुसरी केली म्हणून. काकू अंगाने भरलेल्या, आवाजाने मोकळ्या. त्या म्हणत, "सवत असती तर चार भांडी तरी घासली असती. ही नुसती वरनं बघतीय."

हाच तारा का, असं मी एकदा विचारलं होतं. मास्तरांचं मूळ गाव सुप्याच्या धरणात गेलं. त्यांच्या घरच्यांना इकडे जागा मिळाली तेव्हा ते शाळकरी होते. ते म्हणाले, "गाव उठवलं तेव्हा आम्ही देव आणले, भांडी आणली, म्हशी आणल्या. आभाळ आणायला लागलं न्हाई. ते आधीच इथं होतं." मी त्याचा काही अर्थ लावू लागले आहे हे त्यांना दिसलं असावं. "आणि ही मायावती भिंगाशिवाय दिसते," ते म्हणाले. "भिंग घ्यायची ऐपत नव्हती. एवढंच कारण हाय, टीचर."

मायावती म्हणजे एक नव्हे, दोन तारे. डोळ्याला एकच ठिपका दिसतो, कारण ते एकमेकांच्या फार जवळ आहेत आणि आपण फार लांब. एक तेजस्वी आहे, दुसरा मंद. फिरता फिरता मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढे येतो तेव्हा आपल्याला उजेड कमी दिसतो. हे त्यांनी मला पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं. "तिसराही हाय तिथं," ते म्हणाले. "लांबून दोघांभोवती फिरतो. भाडेकरू." आणि माझ्याकडे बघून ते प्रथमच हसले.

त्यांना आयुष्यभर पुरलेलं कोडं वेगळंच होतं. ते मला कळलं ते एका कुणबी शेजाऱ्याच्या परसात. थंडीत आमच्याकडे कोन काढतात. कोन म्हणजे वेलाखाली जमिनीत वाढणारा कंद, कधी कधी माणसाच्या मांडीएवढा. काढताना त्याचं डोकं, म्हणजे वेलाच्या बुडाचा तुकडा, कापून त्याच खड्ड्यात परत पुरायची रीत आहे. पुढच्या वर्षी त्यातून वेल येतो. मास्तर खड्ड्याशी उकिडवे बसले होते. शेजाऱ्याने माती सारली आणि मोठा, मातीने माखलेला कंद वर आला. त्याला चिकटून एक सुकलेली, चुरगळलेली साल होती. दाबली तर आत काही नव्हतं.

"थोरला कोण?" मास्तर म्हणाले.

शेजारी कुदळ टेकून म्हणाला, "मास्तर, दर वर्षी इचारताय. ही साल थोरली. गेल्या साली पुरलेलं डोकं हे. हिचंच सगळं ह्यात गेलं."

"मला न्हाई, टीचरना सांग."

मग त्यांनी ताऱ्यांचं सांगितलं. जड तारा लवकर म्हातारा होतो. त्याचा जाळ मोठा असतो आणि सरपण लवकर संपतं. हलका तारा सावकाश जळतो. म्हणजे एकाच वेळी जन्मलेल्या दोघांत जड असेल तो आधी म्हातारा झालेला दिसायला हवा. मायावतीत उलटं आहे. हलका तारा म्हातारा होऊन फुगलेला आहे आणि त्याच्या कितीतरी पट जड असलेला जोडीदार अजून तरणा आहे. हे कोडं शहाण्या माणसांना पुष्कळ दिवस सुटत नव्हतं. उत्तर असं, की आज हलका आहे तो एके काळी जड होता. तो म्हातारा होऊन फुगू लागला आणि त्याच्या अंगावरचं बाहेरचं सगळं हळूहळू जोडीदाराकडे गेलं.

"म्हणजे त्याने दिलं," मी म्हटलं.

"दिलं न्हाई. गेलं."

कसं गेलं ते त्यांनी पावसाळ्यात दाखवलं. भातलावणीच्या दिवसांत दोन खाचरांच्या मधल्या बांधावर आम्ही उभे होतो. त्यांच्या डोक्यावर इरलं, माझ्या हातात छत्री. वरचं खाचर भरत आलं होतं. ते म्हणाले, "प्रत्येक ताऱ्याची हद्द असते. हद्दीच्या आत असेल ते त्याचं. फुगत फुगत हद्दीला लागला, की जिथं दोघांच्या हद्दी एकमेकींना टेकतात, तिथून पलीकडे." पाणी बांधाच्या काठाला आलं, आणि बांध जिथे सगळ्यात बुटका होता तिथून एक धार खालच्या खाचरात पडू लागली. ती धार बघत ते पावसात कितीतरी वेळ उभे राहिले. "पाण्यानं ठरवलं का जायचं? दुसऱ्यानं मागितलं का?" ते म्हणाले. "एकटा तारा सरळ म्हातारा होतो, टीचर. त्याचं काय होणार ते जन्मताना सांगता येतं. जवळजवळच्या दोघांचं तसं नसतं. एकाचं म्हातारपण दुसऱ्याच्या अंगावर येतं."

मी मराठीची शिक्षिका. असं काही ऐकलं की मला त्यात माणसं दिसू लागतात. मी तसं बोलले की ते चिडत. "तारे माणसांसारखे नसतात. त्यांना दुःख नसतं. वजन असतं आणि अंतर असतं, बाकी काय न्हाई. तुमच्या कविता तुमच्या खोलीत ठेवा."

म्हणून पुढचं लिहिताना मी जपून लिहिते आहे.

साठी उलटल्यावर त्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही; कडेकडेचं दिसे, पण जिकडे बघावं तिथेच डाग येई. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा झिजला आहे, इलाज नाही. मग एका संध्याकाळी त्यांनी काकूंना हाक मारली. "ऐकलंस काय? जरा बाहेर ये. आता तू बघायचं."

"मी? मला तव्यावरची भाकरी दिसते ती बास हाय."

पण त्या गेल्या. ते पडवीत खुर्चीवर बसत आणि त्या अंगणातून ओरडून सांगत. आधी काकूंना तारा सापडेना. मग त्यांनी आभाळात आपल्या खुणा केल्या: हा कोयत्याचा दांडा, हा विस्तव, ही शेजारीण. शेजारीण म्हणजे जवळच्या तारकासमूहातला एक तारा, मायावती भर तेजात असताना जवळजवळ तिच्याएवढाच दिसणारा. "शेजारणीपेक्षा कशी हाय?" मास्तर विचारत. "सारखीच." "आता?" "आता जरा उतरली वाटतं." "वाटतं म्हणू नको. काय असायला पाहिजे ते मला माहीत हाय. तू काय दिसतंय ते सांग." पहिल्या हिवाळ्यात यावरून त्यांची रोज भांडणं होत. दुसऱ्या हिवाळ्यात काकू मला म्हणाल्या, "पोरी, ही बया खरंच उतरते गं. मला इतकी वर्सं वाटायचं हे उगाच म्हणतात." त्यानंतर त्यांनी सवत हा शब्द सोडला.

पुढे लहान लहान गोष्टी होऊ लागल्या. आमटीत मीठ घातलं की नाही ते मास्तर दोनदा विचारत. एकदा रविवारी शाळेचे कपडे घालून बाहेर पडले आणि वळणावरून परत आले, चेहऱ्यावर काही न दाखवता. एकदा त्यांनी लागोपाठ दोन दिवस दाढी केली. काकूंनी ते पाहिलं, मी पाहिलं. वय झालं, असं मनात म्हणून बाजूला ठेवता येण्याजोगंच ते सगळं होतं.

मग ती मार्गशीर्षातली संध्याकाळ. मी पडवीत उत्तरपत्रिका तपासत होते. थंडी होती, आभाळ स्वच्छ. मास्तर कांबळं पांघरून बसले होते, गाल गुळगुळीत. ते म्हणाले, जेवणाच्या वेळी अगदी खालपर्यंत उतरेल. काकू अंगणात जाऊन आल्या. "न्हाई मंदावली."

"नीट बघ."

त्या पुन्हा गेल्या. "उजळच हाय. शेजारणीएवढी."

"दुसरीकडेच बघतेयस."

"रोज बघते, आज दुसरीकडं कशी बघीन?"

"ढग असेल."

"ढग न्हाई वो."

ते खुर्चीवरून उठले. आवाज चढला होता. "टीचर, तुम्ही या. हिला दाखवा." मी अंगणात गेले. काकूंनी बोटाने दाखवलं. दोन्ही तारे सारखे होते, मला सुद्धा दिसलं. मी काही बोलणार तोच काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला. तो हात थंड होता. मला वाटलं, आता त्या म्हणतील, व्हय, झाली मंद. एक शब्द होता. तेवढ्याने ते बसले असते, जेवले असते, निजले असते. आणि तो शब्द रोज म्हणत राहिलं असतं तर त्यांना आपलं काय होतं आहे ते कदाचित कधी कळलंच नसतं. आम्ही दोघी तशा उभ्या होतो. वरच्या रस्त्याने ट्रक गेला.

काकू पडवीत आल्या, त्यांच्या समोर बसल्या, आणि त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "अवो, ती उजळ हाय. तुमचा हिशोब चुकला."

मास्तर म्हणाले, "मागची कधी होती?"

"परवा. मीच बघून सांगितली की तुम्हाला."

त्यांनी बोटांवर काहीतरी सुरू केलं. ओठ हलत होते. परत पहिल्यापासून सुरू केलं. आपल्याला पुढचा आकडा सापडत नाही हे त्यांना कुठल्या क्षणी कळलं, ते मला दिसलं. ते लिहिणार नाही. थोड्या वेळाने त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"उजळ हाय म्हणतेस."

"हाय."

"मग तुझं खरं," ते म्हणाले. "तारा चुकत न्हाई." आणि काही वेळाने, "आजपासून तू धर. मला सांगत जा."

जेवणं झाल्यावर भांडी आवरताना मी काकूंना विचारलं, तुम्ही हो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? त्या राख लावून कढई घासत होत्या. घासायच्या थांबल्या नाहीत. "म्हटलं असतं की. जिभेवर आलंच हुतं," त्या म्हणाल्या. "पण मग त्यांच्या डोक्यात एक तारा आणि माझ्या डोळ्यात एक. लगीन झाल्यापासनं भांडलो, तरी एकाच आभाळाखाली भांडलो. शेवटाला त्यांना तिकडं एकट्याला सोडू व्हय?"

तिथून पुढे दीड-पावणेदोन वर्षं. आधी हिशोब गेला, मग विद्यार्थ्यांची नावं, मग बाजाराची वाट. काकूंनी त्यांना काही खोटं सांगितलं नाही. बुधवार असला तर बुधवार म्हणाल्या, आई वारली आहे का विचारलं तर वारली म्हणाल्या, आणि ते रडले तर जवळ बसल्या. वळणापलीकडच्या बायका म्हणत, कशाला त्रास देतीस म्हाताऱ्याला, व्हय व्हय म्हणावं. काकू म्हणत, "तुमचा नवरा असा झाला की तुम्ही म्हणा."

एक दिवस त्यांनी काकूंना 'तुम्ही' म्हणायला सुरुवात केली. घरी आलेल्या थोर पाहुण्याशी बोलावं तसं. "तुम्ही बसा ना. तुम्ही जेवलात का?" काकूंनी पहिल्यांदा सांगितलं, अवो मी तुमची बायको. त्यांनी आदराने मान हलवली आणि पुन्हा म्हणाले, "हो हो. बसा तुम्ही." त्या मला म्हणाल्या, "असू दे. ह्या घरात आयुष्यात पैल्यांदा मान मिळतोय." त्या हसल्या, आणि मग पदर तोंडाला लावून परसात गेल्या.

त्या दिवसांत काकू वाळल्या. अंगावरची चोळी सैल झाली. रात्री जागायचं, दिवसा भरवायचं, ते वाटेला लागले की मागे धावायचं. भरवलेलं मास्तरांच्या अंगी लागत नव्हतं. मायावतीचं पुढे काय होणार, हे त्यांनी मला फार पूर्वी सांगितलं होतं. ज्या ताऱ्याला सगळं मिळालं तोही एक दिवस म्हातारा होऊन फुगेल, आणि त्याच्या अंगावरचं उलट वाटेने पहिल्याकडे जायला लागेल. पण तोवर पहिला विझून गोळा झालेला असेल. विझलेल्या ताऱ्याला ते पचत नाही. नुसतं वर साठत राहतं, आणि कधी तरी एकदम पेटून उठतं. भात भरवताना मास्तर मध्येच ताट उडवून ओरडत, आणि काकू खाली सांडलेली शितं वेचत, तेव्हा मला ते आठवे. आठवलं की मी मनात म्हणे, तारे माणसांसारखे नसतात. त्यांना दुःख नसतं.

शेवटच्या हिवाळ्यातही त्या अंगणात जाऊन येत आणि सांगत, "आज उतरली." ते विचारत, "कोण?" "मायावती." "बरी हाय ना?" "बरी हाय. सकाळपतोर व्हईल पैल्यासारखी." "मग ठीक," ते म्हणत. कुणाच्या तरी घरची खुशाली कळल्यासारखं त्यांना बरं वाटे. खरी गोष्ट होती, आणि त्यांना ती पुरत होती. मार्गशीर्षातल्या त्या संध्याकाळी काकूंनी काय राखून ठेवलं होतं, हे मला तेव्हा समजलं.

आषाढात ते गेले. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. सरण पेटायला वेळ लागला. कुणबी शेजाऱ्याने आपल्या घरातलं कोरडं सरपण आणलं.

दिवसकार्य झाल्यावर काकूंची बहीण खानापुराकडून त्यांना न्यायला आली. "चल माझ्याकडं. इथं आता काय हाय तुझं?" असं ती दोन दिवस म्हणत होती. काकू ऐकून घेत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला फणसाची साटं बांधून दिली आणि बसस्टँडपर्यंत पोचवून आल्या.

त्या इथेच राहिल्या. मागच्या खोलीत आता भाताचं बियाणं ठेवलं आहे. स्वयंपाक आम्हा दोघींचा एकत्र होतो. संध्याकाळी आभाळ मोकळं असलं तर त्या अंगणात जातात, नसलं तर जात नाहीत.